सावली कुणाच्या तोंडावर टाकायची?

पोस्ट लांबलचक आहे, त्यामुळे निवांत वेळ असेल तेव्हाच वाचा.

एक प्रकार तुम्हीही पाहिला असेल. कुठंतरी एखाद्या नवऱ्याचा खून होतो, बायकोवर संशय येतो, आणि दुपारपर्यंत तिचा एक फोटो सगळ्या ग्रुपवर फिरायला लागतो. तो आधार कार्डावरचा कधीच नसतो. कुणाच्या तरी लग्नातला असतो. डोळ्यांवर गॉगल, ओठांना गडद लिपस्टिक, अर्धा चेहरा केसांआड. मग कुणीतरी तो काळा-पांढरा करतं, मागं गूढ संगीत टाकतं आणि वर लाल अक्षरांत लिहितं, 'हीच ती!' आरोपपत्र अजून कोर्टात गेलेलं नसतं. आपला निकाल मात्र लागलेला असतो.

प्रश्न असा आहे की हा फोटो 'वाईट बाईचा' आहे हे आपल्याला कळतं कसं? चेहऱ्यावर तर काही लिहिलेलं नसतं. उजेड कुठून पडलाय, सावली कुठं आहे, ओठ किती काळे दिसतात, कपडा किती चमकतो, यावरून आपण ठरवतो. ही भाषा कुणी वर्गात बसवून शिकवलेली नाही, तरी आपल्या सगळ्यांना येते. ती घडायला शंभर वर्षं लागली. बर्लिन, हॉलिवूड, मालाड, पुणे, दादर असा प्रवास करत ती आपल्याकडच्या टॉकीजच्या दारात पोचली. तो इतिहास आज सांगतो.

काळा सिनेमा आणि जीवघेणी बाई

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सिनेमे फ्रान्समध्ये येऊ शकत नव्हते. युद्ध संपल्यावर ते पॅरिसमध्ये एकदम दाखल झाले. खून, फसवणूक, रात्रीचे ओले रस्ते आणि सिगारेटचा धूर. ते पाहून १९४६ मध्ये निनो फ्रँक या फ्रेंच समीक्षकानं त्यांना नाव दिलं, 'फिल्म न्वार'. शब्दशः काळा सिनेमा. त्यात एक बाई हमखास असायची. फ्रेंचमध्ये तिला म्हणतात 'फाम फताल', म्हणजे जीवघेणी बाई. आपल्याकडं विषकन्या हा शब्द आहेच.

'डबल इन्डेम्निटी' हा बिली वाइल्डरचा १९४४ चा सिनेमा घ्या. विम्याच्या पैशासाठी बायको नवऱ्याचा काटा काढते, सोबतीला विमा एजंट. आजच्या कुठल्याही गुन्हे पानावर शोभेल अशी गोष्ट. त्यात खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यातून उजेड आत येतो आणि माणसांच्या अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात. अजून कुणाला अटक झालेली नसते, तरी पाहणाऱ्याला तुरुंग दिसायला लागतो. दोन वर्षांनी 'गिल्डा' आला. काळ्या सॅटिनच्या गाऊनमधली रिटा हेवर्थ, हातात सिगारेट. त्या सिनेमाचे तपशील विसरलेल्या लोकांनाही तो फोटो ओळखता येतो.

हे दिसणं घडवायचं कसं, याचे नियम होते. फोटोग्राफर मंडळी ते रोज वापरायची.

साधा फोटो काढताना समोरून दोन दिवे लावतात. एकानं पडलेली सावली दुसरा भरून काढतो. चेहरा सपाट, उजळ आणि निर्मळ दिसतो. आता दुसरा दिवा बंद करा. पहिला वर आणि बाजूला न्या. लगेच नाकाची सावली गालावर उतरते, अर्धा चेहरा अंधारात जातो, गालाचं हाड वर येतं. मागून तिसरा दिवा केसांवर सोडला की केसांना चंदेरी कड येते. सिगारेटचा धूर समोरच्या उजेडात जवळपास दिसतच नाही, तो दिसतो मागच्या दिव्यानं. आणि डोळ्यात उजेडाचा एक बारीक ठिपका हवाच. तो नसला तर डोळा मेल्यासारखा वाटतो.

मग कपडा. सुती कापड उजेड पसरवून टाकतं, म्हणून मऊ दिसतं. सॅटिनवर उजेड घसरतो आणि अंगाच्या वळणावळणावर पांढऱ्या धारा उमटतात. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग नसतो, म्हणून लाल लिपस्टिक गडद राखाडी, कधी काळीच दिसते. हॉलिवूडचा जॉर्ज हरेल हा या कामातला नामी माणूस. तो नट्यांना जाड मेकअप पुसून बसायला सांगायचा, म्हणजे कातडी उजेडात चमकेल. मग मोठ्या निगेटिव्हवर पेन्सिलीनं तासन् तास काम करून डाग, सुरकुत्या घालवल्या जायच्या. म्हणजे फिल्टर काही मोबाइलमुळं आलेला नाही. तो त्या काळीही होता, फक्त हातानं करावा लागायचा.

एवढं सगळं करून सांगायचं काय असायचं? तर या बाईकडं गुपित आहे. चेहऱ्याचा जो भाग अंधारात आहे, तिथं ते आहे. चांगल्या बाईच्या तोंडावर मात्र सावली नाही, कारण तिच्याकडं लपवण्यासारखं काहीच नाही.

मालाडचे जर्मन, पुण्याची मैना

ही विद्या मुळात जर्मनीत वाढली. योसेफ फॉन स्टर्नबर्गनं १९३० मध्ये बर्लिनला 'द ब्लू एंजल' केला. नाचणारणीच्या नादानं मास्तराची धूळधाण, ही त्याची गोष्ट. ओळखीची वाटते ना? व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' (१९७२) त्याच गोष्टीवर उभा आहे. बर्लिनच्या क्लबातली मार्लेन डिट्रिच आपल्याकडं फडावरची चंद्रकला झाली, संध्याबाई झाल्या. पुढं स्टर्नबर्ग डिट्रिचला घेऊन अमेरिकेत गेला आणि दिवा अगदी डोक्याच्या वर नेऊन तिचे गाल खोल दाखवायला लागला.

जर्मन माणसं आपल्याकडंही आली. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी १९३४ मध्ये मालाडला बॉम्बे टॉकीज काढली, तेव्हा दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि कॅमेरामन योसेफ विर्शिंग हे जर्मनीहून आलेले होते. १९३९ मध्ये युद्ध पेटलं आणि शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यांना ताब्यात घेतलं. विर्शिंग युद्धानंतर पुन्हा कॅमेऱ्यामागं आला आणि १९४९ मध्ये त्यानं 'महल' चित्रित केला. त्यातली मधुबाला आठवा. झोपाळा, पांढरा कपडा, ओसाड वाडा, अंधारातून अर्धवट दिसणारा चेहरा. सगळ्यांना ती भूत वाटते. शेवटी कळतं की ती माळ्याची पोर आहे. हाडामासाच्या मुलीला भूत कुणी केलं? तिच्या नाटकानं निम्मं, बाकीचं विर्शिंगच्या दिव्यानं.

मराठी माणसानं मात्र त्याच काळात एक वेगळी गोष्ट करून दाखवली होती. पुण्याच्या प्रभातनं १९३९ मध्ये 'माणूस' काढला. दिग्दर्शक शांतारामबापूच. जुगाराच्या अड्ड्यावर धाड पडते आणि हवालदार गणपतला मैना भेटते. ती वेश्यावस्तीत राहणारी, शांता हुबळीकरांनी उभी केलेली. रात्रीची गल्ली, दिव्याखालच्या सावल्या, जिने, म्हणजे पुढं जे न्वार म्हणून गाजलं त्यातलं बरंच इथं आहे. न्वार हे नाव पडण्याच्या सात वर्षं आधी. फरक एवढाच की शांतारामांच्या सिनेमातली सावली मैनेवर आरोप करत नाही. ती ज्या जगात अडकलीय, ते जग अंधारं आहे. तिच्या हातून पुढं खूनही होतो, पण थेटरातून बाहेर पडणारा माणूस तिला शिव्या देत नाही. तोच दिवा आणि तीच सावली वापरून बाईला समजूनही घेता येतं, हे एका मराठी सिनेमानं इतक्या आधी दाखवलं होतं. दुर्दैव एवढंच की आपल्या अंगवळणी दुसरीच रीत पडली.

दादरचे स्टुडिओ

प्रभातमध्येच उमेदवारी केलेला एक तरुण पुढं मुंबईत आला. गुरुदत्त. त्याची आणि देव आनंदची दोस्ती पुण्यातलीच. १९५१ मध्ये देव आनंदच्या नवकेतनसाठी त्यानं 'बाजी' केला. जुगाराचा क्लब, धूर, तिरपे उजेड आणि गीता बाली. तिथं सहायक कॅमेरामन असलेले व्ही. के. मूर्ती गुरुदत्तच्या नजरेत भरले आणि पुढच्या 'जाल'पासून जोडी जमली. २००८ चा दादासाहेब फाळके पुरस्कार याच मूर्तींना मिळाला. हा मान मिळालेले ते पहिले कॅमेरामन.

'बाजी'तली गंमत पाहा. क्लबात नाचणारी, स्वतः कमावणारी, रात्री बाहेर असणारी बाई सावलीत. दवाखाना चालवणारी डॉक्टर नायिका उजेडात. गीता बालीची बाई नायकावर जीव लावते, त्याला सावध करते, आणि शेवटी जीव तिचाच जातो. अमेरिकन सिनेमातली जीवघेणी बाई निदान दुसऱ्याचा जीव घेते. आपल्याकडची बहुतेक वेळा स्वतःच मरते, नाहीतर पश्चात्ताप करते. तरी फोटोत घातकी तीच दिसते.

पडद्यावरचं दृश्य क्षणात जातं, फोटो मात्र राहतो. ते फोटो काढणारे लोक दादर भागात होते. जे. एच. ठक्कर फाळणीत कराचीहून निर्वासित होऊन मुंबईत आले आणि १९४८ मध्ये त्यांनी दादरला इंडिया फोटो स्टुडिओ सुरू केला. त्या काळातले मोठमोठे नटनट्या त्यांच्या दिव्यांसमोर बसले. एका बाजूनं प्रखर उजेड, दुसरीकडं गडद काळोख, ही त्यांची ओळख. दामोदर कामतांची कामत फोटो फ्लॅश १९४५ ची. तिनं शेकडो सिनेमांची स्थिरचित्रं काढली. नट्या या लोकांकडं येताना 'पडद्यावरची मी' होऊन यायच्या. कोणती साडी, खांदा किती वळवायचा, हनुवटी वर का खाली, हे सगळं ठरवून व्हायचं. दिवे तापलेले, फिल्म संथ, म्हणून श्वास रोखून बसावं लागायचं. जी बेफिकिरी आपल्याला त्या फोटोंत दिसते, ती घाम पुसत पुसत मिळवलेली आहे.

विद्या आणि माया

या सगळ्याचा कळस म्हणजे 'श्री ४२०' (१९५५). दोन बायका. एक विद्या, नर्गिस, गरीब मास्तरीण, सुती साडी. दुसरी माया, नादिरा, चमकता घट्ट गाऊन, लांब सिगारेट होल्डर, एक भुवई वर. नावातच निकाल लागलाय. सुती साडीवर राधू कर्माकरांचा उजेड मऊ पसरतो, मायाच्या गाऊनवर तो सुरीसारखा चमकतो. प्रेक्षकाला संवाद ऐकायचीही गरज नाही.

पण नादिरा म्हणजे माया नव्हे. तिचं खरं नाव फ्लॉरेन्स इझिकेल, बगदादी ज्यू घरातली मुलगी. १९५२ च्या 'आन'मध्ये ती नायिका होती. 'श्री ४२०' नंतर तिच्याकडं त्याच छापाच्या भूमिका यायला लागल्या. एका होल्डरनं आणि एका दिव्यानं तिची नायिकेची वाट बंद केली म्हटलं तरी चालेल. २००६ मध्ये ती गेली, तेव्हाही आठवण निघाली ती मायाचीच.

आपल्या सोलापूरच्या शशिकला जवळकरांचं तेच झालं. 'आरती' आणि 'गुमराह'साठी लागोपाठ फिल्मफेअर मिळाले, दोन्ही कपटी बाईच्या कामासाठी. बाजारात लोक त्यांना खरंच तशी समजायचे. पुढं त्या मदर तेरेसांच्या संस्थेत सेवा करायला गेल्या. हे कळल्यावर लोकांना नवल वाटायचं, हेच खरं नवल.

एक मुलगी मात्र या खेळात अडून बसली. १९५६ चा 'सीआयडी', निर्माता गुरुदत्त, कॅमेरा मूर्तींचा. कामिनी ही खलनायकाच्या टोळीतली बाई. भूमिका वहिदा रहमानची, पहिलाच हिंदी सिनेमा, वय अठराच्या आसपास. नाव बदल म्हटलं, तिनं बदललं नाही. वर करारात अट घातली की न पटणारे कपडे मी घालणार नाही. दिवा कुठं लावायचा हे तिच्या हातात नव्हतं, पण त्या दिव्यात काय घालून उभं राहायचं, हे तिनं स्वतःच्या हातात ठेवलं. कामिनी पाहताना म्हणूनच माणूस गोंधळतो. ही वाईट की चांगली? सिनेमालाही शेवटी तिला चांगल्या बाजूला आणावं लागतं.

आपल्याकडं काय पोचलं

'श्री ४२०' आला तेव्हा जालना हैदराबाद राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि जिल्हा व्हायला तर १ मे १९८१ उजाडावं लागलं. सिनेमा मात्र राज्याच्या हद्दी बघत नव्हता. टॉकीजच्या दाराशी काचेच्या पेटीत फोटोसेट लागायचा. तिकिटाचे पैसे नसलेला माणूस तो पाहून घरी जायचा आणि सिनेमा पाहिल्याच्या थाटात गोष्ट सांगायचा. ज्या घरातल्या बायका टॉकीजची पायरी चढत नव्हत्या, त्यांनीही कोपऱ्यावरचं पोस्टर पाहिलेलं असायचं.

वर्तमानपत्रातही हे फोटो चालायचे, त्याला तांत्रिक कारण होतं. जस्ताच्या ब्लॉकवरून भरड कागदावर छापताना मधल्या छटा मरायच्या. मऊ उजेडातला चेहरा छपाईत डाग होऊन जायचा. गडद काळा आणि लख्ख पांढरा असा फोटो मात्र टिकायचा. म्हणजे माया नीट छापून यायची आणि विद्या पुसट व्हायची!

गावोगावच्या फोटो स्टुडिओंनीही यातून धडा घेतला. हौशी पोरं देव आनंदसारखी मान तिरकी करून, एका दिव्यात फोटो काढून घ्यायची. मुलीचा 'दाखवायचा' फोटो मात्र समोरून, दोन दिव्यांत, सावली न ठेवता. मुलगी गोरी दिसली पाहिजे, साधी दिसली पाहिजे. ज्या मुलीनं बाजूचा दिवा मागितला असता, तिच्याबद्दल काय बोललं गेलं असतं ते सांगायला नको. पुरुषाच्या तोंडावर सावली पडली की तो रुबाबदार, बाईच्या तोंडावर पडली की ती संशयित.

आता आजचं

सिनेमातल्या मायाला पगार मिळायचा. तिला माहीत होतं की आपण माया करतोय. पाहणाऱ्यालाही मनातून माहीत होतं की तीन तासांनी दिवे लागणार. आज आपण तोच दिवा खऱ्या बाईवर लावतो, तिला न विचारता, आणि तो दिवा परत विझवत नाही.

आमच्या धंद्यातला एक प्रसंग सांगतो. एका प्रकरणात संशयित बाईचे दोन फोटो उपलब्ध होते. एक साधा, ओळखपत्रासारखा. दुसरा कुठल्यातरी समारंभातला, गॉगल आणि मोकळे केस. छापून आला गॉगलचा, तोही अर्ध्या पानाच्या बातमीत. पुढं तपासात तिचा गुन्ह्याशी संबंध नसल्याचं निघालं. ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आली, फोटो नाही. ती बाई आजही तिच्या गावात त्या पहिल्या फोटोसकट जगते आहे.

कायदा काय म्हणतो? बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे, आधीही होता. संशयित बाईच्या फोटोला असं संरक्षण नाही. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व कोर्टात चालतं. मोबाइलमध्ये गॉगल चालतो.

कुणी म्हणेल, बायका खून करतच नाहीत का? करतात, पुरुषही करतात. ज्यानं केला त्याला शिक्षा व्हावी, बाई असो की बुवा. पण खून केलेल्या पुरुषाचा गॉगलमधला, केस उडणारा फोटो शोधायला कुणी त्याचं फेसबुक पालथं घातलेलं तुम्ही कितीदा पाहिलंय? त्याच्या बातमीत कुऱ्हाड दिसते, शेताचा बांध दिसतो. तिच्या बातमीत लिपस्टिक दिसते. लिपस्टिक हा पुरावा नाही.

म्हणून पुढच्या वेळी असा फोटो आला की पुढं पाठवण्याआधी तीन गोष्टी बघा. उजेड कुठून आलाय? हाच फोटो कुणी आणि का निवडला? आणि तिचा दुसरा, साधा फोटो कुठं आहे? एवढं केलं तरी पुरे. फोटोग्राफरला दिवा हलवायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ लागणार नाही.

शांतारामबापूंनी मैनेच्या तोंडावर सावली टाकली, ती ती कुठं उभी आहे हे आपल्याला दिसावं म्हणून. ८५ वर्षं उलटून गेली. आपण सावली टाकतो ती कशासाठी, एवढं ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं.

(कुणाकडं जुने फोटोसेट किंवा आपल्या भागातल्या स्टुडिओंत काढलेले त्या काळातले फोटो असतील तर कमेंटमध्ये जरूर सांगा. घरच्या बायकांचे फोटो टाकणार असाल तर आधी त्यांना विचारा.)